पक्षी बजरी, फॉर्म लव्हबर्डचा

आमच्या पिंट्याला, म्हणजे बजरी जातीच्या छोट्या पोपटाला, काय झालं असावं हे पुण्यातल्या डॉक्टरांनी वीस मिनिटांत सांगितलं. ते कागदावर यायला एकोणीस दिवस लागले. माझा राग त्या एकोणीस दिवसांवर आहे, म्हणून बाकीचं भराभर उरकतो.

लेकीच्या वाढदिवसाला हिरवी बजरी आणली. दुकानदार लव्हबर्ड म्हणाला, आम्हीही लव्हबर्ड म्हणालो. साताऱ्यात सगळे तेच म्हणतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा. ही लांब शेपटीची बजरी ऑस्ट्रेलियातली. हा फरक मला तेव्हा माहीत असता, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पिल्लू दीड महिन्याचं असेल. कपाळावरच्या काळ्या रेघा अगदी चोचीपर्यंत आलेल्या होत्या, ती कोवळ्या वयाची खूण. आठवड्याभरात पंखांची लांब पिसं गळायला लागली. दोन्ही बाजूंची, जवळजवळ सारखीच. मग शेपटीची. एक पीस उचलून खिडकीपाशी धरलं, तर देठ बुडाशी चिमटल्यासारखा आणि आत सुकलेलं रक्त. पिंट्या उडायचं सोडून फरशीवर उंदरासारखा पळायचा. दुकानदार म्हणाला, "पिसं झडतातच, घाबरू नका." शेजारच्या काकूंनी हळदीचं पाणी सुचवलं. पण बजरीची पहिली पीसगळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होते, आणि तेव्हाही पंखांची सगळी पिसं एकदम जात नाहीत.

आमच्याकडचे डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्री बघतात. "पक्ष्याचं मला जमणार नाही, पुण्याला न्या," असं त्यांनी सरळ सांगितलं, त्याबद्दल त्यांचे आभारच. बुटांच्या खोक्याला भोकं पाडून आम्ही एसटीने स्वारगेटला उतरलो.

पुण्यातल्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि एकेक कारण बाजूला काढत गेले. घरट्यात आईबापच पिल्लाची पिसं उपटतात, पण तसं असतं तर देठ असा चिमटलेला नसता आणि घरी आल्यावर गळती थांबली असती. खरजेचे किडे असते तर चोचीवर आणि पायांवर पांढरट खपल्या दिसल्या असत्या. खाण्याबद्दल मात्र मला बोलणी बसली. नुसत्या राळ्यावर वाढणाऱ्या पिल्लाला अ जीवनसत्त्व आणि प्रथिनं कमी पडतात, पिसं कमकुवत येतात, त्यांवर आडव्या रेघा उमटतात. पण या वयात पंख आणि शेपटी अशी जोडीने गळणं म्हणजे बहुतेक फ्रेंच मोल्ट, कोवळ्या पक्ष्यांचा पीसगळीचा आजार. त्यामागे दोन विषाणू असू शकतात, पॉलिओमा किंवा सर्को. डोळ्यांनी दोन्ही सारखेच दिसतात. पॉलिओमातून तगलेल्या बजरीला पिसं परत येऊ शकतात. सर्कोवर औषध नाही, आणि पिसं बहुधा बिघडतच जातात. म्हणून पीसीआर, म्हणजे नमुन्यात नेमका कोणता विषाणू आहे ते शोधणारी टेस्ट.

नख जरासं कापून रक्ताचा एक थेंब कार्डावर घेतला, मागच्या बाजूचा स्वॅब घेतला, एक वाढतं पीस मुळासकट उपटलं. (गळून पडलेली पिसं पाकिटात भरून नेऊ नका. मी नेली होती. त्यांच्या मुळाशी काही उरलेलं नसतं आणि धूळ दहा ठिकाणची असते.) नमुने लॅबकडे कुरियरने मी पाठवायचे होते आणि फॉर्मही मीच भरायचा होता. पक्ष्याचा प्रकार या रकान्यात मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, लव्हबर्ड. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होतं, बजरीगर.

लॅबचा मेसेज आला, 'नमुना मिळाला.' चार दिवसांत रिपोर्ट म्हणाले होते. पाचव्या दिवशी फोन केला.

"तुमचं होल्डवर आहे."

"का?"

"ते सिस्टीममध्ये दिसत नाही. फक्त होल्ड दिसतंय."

सातव्या दिवशी दुसऱ्या बाईंनी कारण सांगितलं. चिठ्ठीतला पक्षी वेगळा, फॉर्ममधला वेगळा. "सर, तुमचे दोन पक्षी आहेत का?" म्हटलं, पक्षी एकच आहे हो, नावं दोन आहेत. "मग डॉक्टरांना मेल करायला सांगा." डॉक्टर गावाला गेलेले. मग शनिवार, रविवार आणि वर एक सुट्टी. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी मेल केला. मी निश्चिंत.

बाराव्या दिवशी कळलं की आता रिंग नंबर नाही म्हणून अडलंय. पायात नंबराची कडी ब्रीडर घालतात. दुकानातल्या पिंजऱ्यातल्या बजरीला कसली कडी? मी तो रकाना मोकळा सोडला होता. मोकळा रकाना म्हणजे अपूर्ण फॉर्म. 'नाही' असं लिहिलं असतं तर चाललं असतं म्हणे. हे त्यांना सातव्या दिवशी सांगता आलं नसतं का? बायको म्हणाली, तू ओरडू नकोस, मी बोलते. ती गोड बोलली. सुधारलेला फॉर्म मागवला गेला, तो स्कॅन करून पाठवला. पंधराव्या दिवशी नमुना 'प्रोसेसिंग'मध्ये गेला. त्या संध्याकाळी मी घरात पेढे आणले, रिपोर्टचा पत्ता नसताना.

या सगळ्या काळात पिंट्या वेगळ्या खोलीत. आजार पिसांच्या धुळीतून आणि विष्ठेतून पसरतो, म्हणून झाडू बंद, ओल्या फडक्याने पुसणं. मित्राच्या गॅलरीत बजऱ्या आहेत, त्याच्याकडे जाणं बंद. माणसांना यातलं काही होत नाही, हे आईला रोज नव्याने सांगावं लागे.

एकोणिसाव्या दिवशी रिपोर्ट आला. पॉलिओमा पॉझिटिव्ह, सर्को निगेटिव्ह. लेक रडली, मग हसली, मग पिंट्याला सांगायला पळाली.

तुम्ही पाठवणार असाल तर पक्ष्याचं शास्त्रीय नावच लिहा. बजरीचं मेलोप्सिटॅकस अंड्युलेटस. डॉक्टरांकडून चिठ्ठीवरही तेच लिहून घ्या आणि दोन्ही कागदांचा फोटो काढून ठेवा. हो, आणि नमुना सोमवारी पाठवा.

खाणं बदललं. किसलेलं गाजर, शेवग्याचा पाला, आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा चुरा. गाजराला पिंट्याने नऊ दिवस चोच लावली नाही, दहाव्या दिवशी वाटी उलटी करून खाल्लं. आता शेपटीला दोन पिसं आली आहेत, डावा पंख उजव्यापेक्षा बरा आहे. उडत नाही अजून, पण पडद्यावर चोचीने चढत वरच्या दांडीपर्यंत जातो आणि तिथून आरडाओरडा करतो.

बरा दिसणारा पक्षीही काही महिने विषाणू टाकत राहू शकतो, म्हणून डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा टेस्ट सांगितली आहे. तोवर जोडीदार आणायचा नाही, यावरून लेकीचा माझ्याशी अबोला आहे. नवा फॉर्म मी आताच भरून ठेवलाय. रिंग नंबरच्या रकान्यात 'नाही' लिहून खाली दोन रेघा मारल्यात.