सूर्याचे डाग आणि कुलाब्याची वही

पावसाळ्यात वृत्तपत्र उघडले की कुलाबा आणि सांताक्रूझ ही दोन नावे जोडीने भेटतात. कुलाब्याला इतके मिलिमीटर, सांताक्रूझला तितके. मुंबईकराच्या लेखी कुलाब्याच्या वेधशाळेचे काम एवढेच, आणि अंदाज चुकला की तिच्यावर विनोद करणे हे आपले. याच वेधशाळेच्या जुन्या वह्यांत सूर्याकडून आलेल्या एका वादळाची नोंद आहे. विषुववृत्ताच्या आसपासच्या प्रदेशात मोजल्या गेलेल्या भूचुंबकीय, म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळून काढणाऱ्या, वादळांत तिच्या तोडीची दुसरी नोंद नाही, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधील रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन नेहमीप्रमाणे दुर्बिणीतून पडद्यावर पाडलेल्या सूर्यबिंबावरचे डाग कागदावर उतरवून घेत होता. सकाळी अकरा वाजून गेल्यावर डागांच्या एका मोठ्या समूहावर पांढऱ्या, डोळे दिपवणाऱ्या प्रकाशाचे दोन ठिपके एकाएकी उमटले. कोणीतरी साक्षीला असावे म्हणून तो धावत बाहेर गेला आणि मिनिटभराच्या आत परतला, तोवर ते ठिपके विझू लागले होते. सुदैवाने रिचर्ड हॉजसन नावाच्या दुसऱ्या निरीक्षकानेही आपल्या दुर्बिणीतून तेच पाहिले होते, त्यामुळे कॅरिंग्टनला भास झाला असे कोणाला म्हणता आले नाही. पुढे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर जे चुंबकीय वादळ आले त्याचा संबंध या ठिपक्यांशी असावा, असे त्याने सुचवले, पण तसे ठाम विधान करण्याचे मात्र टाळले. मला त्याचा हा संयम त्या शोधाइतकाच आवडतो.

डाग म्हणजे सूर्यावरचा थंड भाग, असे आपण शाळेत शिकतो, पण हे थंडपण सूर्याच्या हिशेबातले आहे. भोवतालचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असतो आणि डागाचा गाभा त्याहून दीड-दोन हजारांनी कमी, म्हणून तो तुलनेने काळा दिसतो. तेवढाच तुकडा वेगळा काढून रात्रीच्या आकाशात टांगला, तर तोही लखलखेल. तिथले चुंबकीय क्षेत्र इतके प्रबळ असते की खालून वर येणाऱ्या उष्णतेची वाट अडते. पिळ्यावर पिळा बसलेल्या या चुंबकीय रेषा कधीतरी तुटून नव्याने जुळतात, आणि त्या क्षणी साठलेली ऊर्जा ज्वालेच्या रूपाने बाहेर पडते, तर कधी अब्जावधी टन विद्युतभारित वायूचा लोटच अवकाशात फेकला जातो. डागांची संख्या साधारण अकरा वर्षांच्या लयीत वाढते आणि ओसरते, हे प्रथम ध्यानात आले ते डेसाऊ गावच्या श्वाबे नावाच्या औषधविक्रेत्याच्या. त्याला खरे तर बुधाच्या आतल्या कक्षेत फिरणारा एक ग्रह सापडायला हवा होता. तो ग्रह नव्हताच, पण सतरा वर्षे डाग मोजून झाल्यावर ही लय त्याच्या हाती लागली.

मे २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात असाच एक प्रचंड डागसमूह सूर्यावर आला होता आणि ग्रहणासाठी घेऊन ठेवलेला काळा चष्मा लावून मी तो गच्चीवरून पाहिला. दुर्बिणीची गरज नव्हती. पोळीवर तव्याचा एखादा करपलेला ठिपका राहावा तसा तो दिसत होता, आणि त्या ठिपक्याच्या रुंदीत पंधरा पृथ्व्या ओळीने मावल्या असत्या, हे माहीत असूनही मनाला पटत नव्हते. १० मेच्या रात्री वादळ पृथ्वीवर पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी मँचेस्टरच्या भाच्याने कुटुंबाच्या ग्रुपवर ध्रुवीय प्रकाशाने, म्हणजे अशा वादळात आकाशात उजळणाऱ्या प्रकाशाने, गुलाबी-हिरव्या झालेल्या आकाशाची छायाचित्रे पाठवली, लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांनीही क्षितिजावरची लाली टिपली, आणि आमच्याकडे नेहमीचा उकाडा तेवढा होता. सौरवादळाच्या बाबतीत आपण महाराष्ट्रातले लोक तसे दुर्दैवीच. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईतूनही असा प्रकाश दिसल्याचे त्या वेळच्या वृत्तपत्रात छापून आले होते, पण तसा योग पुन्हा यायला किती पिढ्या जाव्या लागतील कोण जाणे.

मात्र जिथे आकाशातली ही दिवाळी दिसत नाही, तिथेच तिचा हिशेब नीट लागतो. वादळाच्या वेळी पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या वर हजारो किलोमीटरवर, विद्युतभारित कणांचा एक वलयाकार प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहू लागतो आणि जमिनीवरच्या चुंबकीय बलाला विरोध करून ते कमी करतो. ध्रुवांजवळ इतर प्रवाहांचा गोंधळ एवढा असतो की ही घट त्यात हरवून जाते. मुंबईच्या अक्षांशावर ती स्वच्छ वाचता येते. १८५९ मध्ये इंग्लंडमधील वेधशाळांत चुंबकाची हालचाल छायाचित्राच्या कागदावर आपोआप उमटत असे, आणि त्या दिवशी रेषा कागदाबाहेर निघून गेल्या. कुलाब्यात तशी यंत्रे नव्हती. तिथे टांगलेल्या चुंबकाची मोजपट्टी डोळ्यांनी वाचून वहीत आकडा लिहायचा, एरवी तासातासाने आणि चुंबक अस्वस्थ झाला की काही मिनिटांच्या अंतराने, असा शिरस्ता होता. २ सप्टेंबरच्या सकाळी त्या माणसांनी तो पाळला, आणि चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे ते बल मोजण्याचे एकक) खाली गेल्याचे आकडे वहीत राहिले. त्याच सुमारास अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंडमधले तारबाबू आपापल्या बॅटऱ्या काढून ठेवून, तारेत आपोआप आलेल्या विजेवर एकमेकांना संदेश पाठवत होते. ही गोष्ट पुस्तकांतून वारंवार येते. कुलाब्याची वही मात्र शास्त्रज्ञांनी पुन्हा उघडली ती एकविसाव्या शतकात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, आणि रुळांतून वाहणाऱ्या विजेने चुंबकाचे वाचन बिघडणार हे उघड होते. तेव्हा नानाभाई मूस हे कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होते. त्यांच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलवली गेली, आणि दोन्ही ठिकाणचे आकडे जुळतात का हे पाहण्यासाठी सुमारे दोन वर्षे दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवले गेले. भोळ्या माणसाला ‘अलिबागहून आलास का’ असे विचारणाऱ्यांना हे एकदा सांगायला हवे. समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गर्दीत ती वेधशाळा आजही आपले काम करत आहे.

आता सूर्याकडे पाहणारे आपले एक यान, आदित्य-एल१, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरवर आहे. त्यावरील अतिनील किरणांत सूर्याची छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत आकाराला आली. यानाचे उड्डाण २ सप्टेंबर २०२३ रोजी झाले, ही तारीख योगायोगाचीच म्हणायची. वादळाचा लोट आधी त्या यानावरून जातो आणि मग आपल्यापर्यंत येतो. सूर्याकडून सतत वाहणारा कणांचा नेहमीचा झोत, म्हणजे सौरवारा, हे अंतर कापायला तासभर घेतो, परंतु १८५९ च्या वेगाने आलेला लोट ते दहा-बारा मिनिटांतच कापेल. एवढ्या अवधीत ध्रुवाजवळून चाललेले विमान खाली वळवून होणार नाही. वीजवहनाच्या नियंत्रण कक्षातील अभियंत्याला मात्र एखाद-दुसरा निर्णय घेता येईल. कॅनडातील क्वेबेकमध्ये १३ मार्च १९८९ च्या पहाटे, पहिली वीजवाहिनी डळमळल्यापासून साठ लाख लोक नऊ तासांसाठी अंधारात जाईपर्यंत, तिथल्या अभियंत्यांना दीड मिनिट मिळाले होते.