सात नंबरचा चौकोन

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून फोन आला तेव्हा गॅदरिंग, सहल, मार खाल्लेले प्रसंग असलं बरंच डोक्यात आलं, पण ते बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते गेटपासून वर्कशॉपपर्यंत जाणाऱ्या काँक्रीटच्या पायवाटेबद्दल, आणि त्यातही सात नंबरच्या चौकोनाबद्दल, कारण तो आम्ही बिघडवलाय.

पायवाट आम्हीच बांधायची हे टेक्निकलच्या सरांनी वर्गात सांगितलं तेव्हा आम्हाला वाटलं चला, तासाला सुट्टी. पहिले चार-पाच दिवस तर सिमेंटचं पोतं दिसलंसुद्धा नाही. नुसत्या खुंट्या, दोरी आणि फक्की. सर दोरीवर 3, 4 आणि 5 फुटांचे भाग पडतील अशा खुणा करून काटकोन काढायला लावायचे, आणि पायथागोरसचं प्रमेय जे आम्ही नुसतं घोकलेलं ते तिथे जमिनीवर पडलेलं बघून एक जण म्हणाला, सर हे खरंच खरं असतं होय! मग खोदाई, मुरूम, धुम्मस मारून मारून हात सोलले. फळ्यांचं सेंट्रिंग, त्याला आतून जुनं ऑइल, आणि एका बाजूची फळी दुसरीपेक्षा एक इंच खाली, म्हणजे चार फुटांच्या रुंदीत एक इंच ढाळ. एवढ्याशा ढाळासाठी सरांनी लेव्हल बघायची पाण्याची ट्यूब घेऊन आम्हाला दोन दिवस नाचवलं.

एकूण 24 चौकोन, प्रत्येक 4 फूट बाय 4 फूट, जाडी 4 इंच. एकदम सलग का नाही ओतायचं असं विचारलं तर सर म्हणाले, काँक्रीट सुकताना आकसतं, आकसलं की कुठेतरी तडा जाणारच, तो कुठे जावा हे आपण ठरवायचं, नाहीतर ते स्वतः ठरवतं. म्हणून एक सोडून एक चौकोन भरायचे, मधले नंतर. हिशोब पण मस्त बसलेला, सिमेंट, वाळू, खडी 1:2:4 प्रमाणाने घेतली की एका 50 किलोच्या पोत्यात जवळपास एक चौकोन भरतो, म्हणजे एक ग्रुप, एक पोतं, एक चौकोन, कुणी कुणावर ढकलायचं नाही. आमच्या वाट्याला 7 नंबर आला.

सकाळी पत्र्यावर वाळू आणि सिमेंट कोरडंच एकरंगी होईपर्यंत कालवलं, त्यावर 20 एमएमची खडी, मग पाणी. पाणी अडीच बादल्या, 10 लिटरची बादली, म्हणजे 25 लिटर, सिमेंटच्या वजनाच्या निम्मं. सरांनी फळ्यावर लिहिलेलंच होतं. पण अडीच बादल्यांत तो माल इतका घट्ट वाटायचा की फावडं रुतून बसायचं, खडी खडखडायची, आणि बाजूच्या ग्रुपचं कालवून झालेलं. मग आमच्यातल्या एकाने (नाव लिहीत नाही, तो आता मोठा माणूस झालाय) इकडेतिकडे बघून अजून एक बादली ओतली. काय सांगू, माल लोण्यासारखा फिरायला लागला. आम्ही खूश, इतकं सोपं होतं तर सर आम्हाला का छळत होते!

सर आले ते स्लंप कोन घेऊन. पत्र्याचा निमुळता डबा, उंची 30 सेंटीमीटर, खाली 20 रुंद, वर 10. त्यात थराथराने माल भरायचा, दर थराला सळईने 25 वेळा ठोसायचं आणि डबा सरळ वर उचलायचा. बाकीच्यांचा ढीग थोडासा खाली बसून उभा राहायचा. आमचा डबा उचलला तसा सगळा माल पत्र्यावर पसरला आणि बुटांपर्यंत आला.

"पाणी किती घातलं रे?"

"अडीच बादल्या सर."

सरांनी एकदा पत्र्याकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. म्हणाले, "बरं. टाका." बस्स. ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

माल ओतला तर तो उंच फळीकडे राहीचना, वाहत खालच्या बाजूला. पट्टी ओढली की वर पाणी. बाकीचे सर सांगतील तसे थांबले, पृष्ठभागावरची चमक जाईपर्यंत हात लावायचा नाही असा नियम होता, मग सपाट करायला लाकडी रंधा, आणि शेवटी पाय घसरू नये म्हणून चालायच्या दिशेला आडवा खराटा. आमची चमक जाईचना. मधल्या सुट्टीपर्यंत थांबलो आणि मग धीर सुटला, वरून मूठमूठ कोरडं सिमेंट भुरभुरवलं आणि गुरमाळ्याने, म्हणजे लोखंडी थापीने, घोटून घोटून असं गुळगुळीत केलं की दुपारी सगळ्यात देखणा चौकोन आमचाच होता! दोन वर्ग बघायला आले. ग्लोव्हज काढून काम केल्याने दोघांचे हात सिमेंटने भाजले ते वेगळंच.

दुसऱ्या दिवसापासून पाणी मारायची ड्युटी. कडेने मातीचे बांध घालून वर पाणी साठवायचं, कडांवर ओलं गोणपाट, सात दिवस. तेव्हा आमच्यातल्याच एकाने सरांना विचारलं की सर आता एवढं पाणी चालतं मग कालवताना एक बादली जास्त झाली तर काय बिघडतं? (चोराच्या मनात चांदणं.) सर म्हणाले, काँक्रीट वाळून घट्ट होत नाही रे, सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेने होतं, पाण्याखालीसुद्धा होतं. त्या क्रियेला सिमेंटच्या वजनाच्या पाव हिस्सा पाणी पुरतं, वरचं फक्त माल फिरावा म्हणून. ते आतलं जादा पाणी जागा अडवून बसतं आणि उडून गेलं की तिथे भोकं राहतात. वरून मारतो ते पाणी आतलं पाणी उडू देत नाही. दोन्ही पाणीच, पण काम उलटं.

पुढे डिप्लोमाला कळलं की डफ अब्रॅम्स नावाच्या अमेरिकन इंजिनियरने 1918 मध्येच हा पाणी-सिमेंटच्या प्रमाणाचा नियम मांडलाय. पेपरात तो प्रश्न आला तेव्हा मी पानभर लिहिलं, उदाहरण डोळ्यासमोरच होतं.

आमच्या चौकोनाची वरची साय वर्षभरात सुटायला लागली. झाडलं की पांढरी पूड निघायची, मग खडी डोकावायला लागली. आम्ही सरांना म्हणालो, फोडून परत करतो. सर म्हणाले, राहू दे, पुढच्या बॅचला दाखवायला लागतो. आणि खरंच दर वर्षी नवीन मुलांना तिथे उभं करून विचारायचे, यात काय चुकलं ओळखा. आमची नावं मात्र कधी सांगितली नाहीत.

मी आता साइटवरच असतो. तयार काँक्रीटचा ट्रक, म्हणजे ट्रान्झिट मिक्सर आला आणि कुणी ड्रायव्हरला पाणी घालायला पाइप लाव म्हणाला की मी आधी स्लंप कोन मागवतो, लोक वैतागतात, वैतागू देत.

मागच्या पावसात आम्ही चौघं शाळेत गेलेलो. 23 चौकोनांवरचं पाणी ढाळाने वाहून गेलेलं, सातवर मधोमध डबकं, जिथे घोटून घोटून खळगा केला होता तिथेच. पोरं त्यावरून सवयीने उडी मारून जात होती. तो मोठा माणूस झालेला मित्र बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "आपली बादली अजून वाळली नाही रे."