माळ रिकामा नसतो

गेल्या आठवड्यात मामाचा फोन आला तेव्हा इथे जर्मनीत, फ्रायबुर्गमध्ये, दुपारचे साडेचार वाजले होते आणि खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. सोलापुरात रात्रीचे नऊ. मामा जेवून ओट्यावर बसला होता. "तिकडं ऊनच पडंना, मग दिवसभर मोजतीस तरी काय गं?"

प्रश्न रास्त आहे. डिसेंबरात इथला सूर्य भरदुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम १८-१९ अंश वर चढतो. आपल्याकडे त्याच दिवशी तो ४९ अंशांच्या आसपास असतो. तरीही सौरऊर्जेचा अभ्यास करणाऱ्यांची पावलं या गावाकडे वळतात. १९८१ साली आडोल्फ गोएट्झबर्गर या भौतिकशास्त्रज्ञांनी इथे फ्राउनहोफर या संशोधन संघटनेची सौरऊर्जा संस्था सुरू केली. त्याच सुमारास त्यांनी एक साधी कल्पना मांडली होती: पॅनेल माणसाच्या डोक्यावर उचला, ओळींमध्ये अंतर ठेवा आणि खाली बटाटे लावा. एकाच उन्हातून वीजही घ्या, पीकही घ्या. मी दुसऱ्या एका प्रयोगशाळेत असते, पण काम याच धाग्याचं आहे.

आमच्याकडे एक काळी खोली आहे. तिथे कृत्रिम सूर्य चमकवून पॅनेलची चाचणी होते. प्रकाश दर चौरस मीटरला १००० वॉट आणि पॅनेलचं तापमान २५ अंश, हा जगभरचा ठरलेला नियम. पॅनेलच्या पाठीवर जो आकडा छापलेला असतो तो याच खोलीतला. पहिल्यांदा ती चाचणी पाहिली तेव्हा माझ्या मनात एकच आलं, मे महिन्यात सोलापुरात २५ अंश कुठे सापडणार? हवा ४२-४३ वर गेली की गच्चीवरचं पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतं. सिलिकॉन तापला की त्याच्यात मोकळे इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या रिकाम्या जागा जास्त तयार होतात, त्या पुन्हा एकमेकांत विरून जातात, आणि विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, उतरतं. २५ च्या वर दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. ४० अंशांचा फरक धरला तर १२ ते १६ टक्के. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त हे खरं, पण आपल्या उन्हाबरोबर येणारी धग ती वीज थोडी परतही घेते. पॅनेलखाली हिरवं पीक असेल, तर पानांतून निघणारी वाफ आसपासची हवा जरा गार ठेवते आणि पॅनेलही कमी तापतं. शेत आणि वीज एकमेकांच्या उपयोगी पडतात ते असं.

आता पिकाची बाजू. बोडन सरोवराजवळ हेगेलबाख इथल्या शेतात २०१६ पासून हा प्रयोग चालला. पॅनेल इतकी उंच की खालून ट्रॅक्टर जावा. २०१७ मध्ये सावलीमुळे बटाट्याचं उत्पन्न साधारण १८ टक्क्यांनी घटलं. २०१८ चा उन्हाळा इथल्या मानानं फार कडक आणि कोरडा गेला, आणि त्याच सावलीत बटाटा ११ टक्के जास्त आला. मला त्या दोन वर्षांकडे बघताना सारखा आपला जिल्हा दिसतो. इथे जे वर्ष अपवाद म्हणून नोंदलं गेलं, ते आपल्याकडे नेहमीचं आहे.

म्हणून मी मामाच्या डाळिंबाच्या बागेचा विचार करते. उन्हानं फळाची साल करपते, डाग पडतो, व्यापारी भाव पाडतो. मामा मे महिन्यात झाडांवर जुन्या साड्या टाकतो. आजीच्या, मामीच्या, शेजारणींनी दिलेल्या. ती सावलीच आहे, फक्त तिच्यातून वीज निघत नाही. डाळिंबाच्या पानाला एका मर्यादेपलीकडचा प्रकाश वापरताच येत नाही, वरचं ऊन नुसतं तापवतं. ज्वारीचं तसं नाही. तिची प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगळी आहे आणि ती भर उन्हातही प्रकाश पीत राहते. मालदांडी ज्वारीच्या रानावर कुणी सरसकट पॅनेल घालायला निघालं तर मी विरोधच करीन.

आणि माळरान? हा प्रश्न मला इथेच एका सहकारी मुलीनं विचारला. ती तत्त्वज्ञान शिकलेली आहे, आमच्या गटात नीतीची बाजू बघते. मी नकाशावर सोलापूरभोवतालचा फिकट रंगाचा पट्टा दाखवून म्हणाले, ही जागा रिकामी आहे. तिनं विचारलं, "रिकामी असं कुणी ठरवलं?"

मी गप्प झाले, कारण उत्तर मला लहानपणापासून माहीत होतं. बाबा आम्हाला स्कूटरवरून नान्नजला न्यायचे. १९७९ पासून तिथे माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. एकदा पहाटे गवतात तो उभा दिसला, मान ताठ, चाल सावकाश. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. नराचं वजन १५ किलोपर्यंत जातं. डोळे बाजूला असल्यामुळे त्याला समोरचं नीट दिसत नाही, उडताना उच्च दाबाची तार जवळ आली तरी एवढं जड अंग वळवता येत नाही. राजस्थान आणि गुजरातमधल्या तारांचा प्रश्न यासाठीच सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश निघाला. २०२४ मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश बदलला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. स्वच्छ विजेसाठी ओढलेली तारच त्या पक्ष्याच्या जिवावर उठते, आणि आता नान्नजला माळढोक दिसणंच दुर्मीळ झालं आहे.

कागदावर जे पडीक, तिथे धनगरांची मेंढरं चरतात. कोल्हा, लांडगा, काळवीट असतात. पॅनेलसाठी जमीन भाड्याने दिली तर भाडं सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला मिळतं. मेंढपाळाचं नाव तिथे नसतं. माझी आजी चाळीस वर्षं रानात राबली, तिचंही नव्हतं. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळायला हवी, रात्री पाणी धरायला गेलेल्या माणसाला साप चावू नये, हे मला मनापासून हवं आहे. त्यासाठी पॅनेल लागणारच. पण ती छपरांवर आधी घाला, यंत्रमागांच्या शेडवर घाला, बागांवर उंच उचला. माळाला हात लावायची वेळ आलीच तर तिथे फिरणाऱ्या माणसांना आधी विचारा. माझ्या वहीत आता वॉट आणि अंश सेल्सियसच्या शेजारी एक रकाना आहे: या जागेवर आज कोण येतं-जातं. प्रत्येक नवी जागा तपासताना तो भरल्याशिवाय मी पुढचं गणित मांडत नाही.

मेमध्ये मी महिनाभर सोलापूरला येतेय. प्रकाशमापक आणि तापमापक घेऊन मामाच्या बागेत बसणार आहे, साडीखाली किती प्रकाश पोचतो ते बघायला. तुलनेसाठी काही झाडं उघडी ठेवावी लागतील, असं फोनवर सांगितलं. मामा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बांधाकडची पाच ठेवतो. पण फळं करपली तर?"

नव्या वहीचं पहिलं पान त्याच रात्री लिहिलं. खर्च: पाच झाडं, मामाची.