माझा अनुभव : ग्रॅच्युइटीतून गायब झालेली सात वर्षं

पैसे खात्यात जमा झाले, प्रकरण संपलं, तरी राग काही उतरत नाही. म्हणून लिहितोय. एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी स्टोअरकीपर होतो. जुलै २००३ मध्ये लागलो, जून २०२२ अखेर निवृत्त झालो. म्हणजे १९ वर्षं. पुढचं सगळं भांडण ह्याच आकड्यावरून झालं.

निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. धाकट्या शेठनी भाषणात मला कंपनीचा आधारस्तंभ म्हटलं. त्यानंतर अकाउंट्समधून हिशोबाचा कागद हातात पडला. ग्रॅच्युइटी : १,१७,००० रुपये.

हा आकडा आला कुठून? ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी संपताना दर वर्षामागे मिळणारा १५ दिवसांचा पगार. माझं शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता १९,५००. त्याला ३० ने भागून १५ दिवसांचे ९,७५०, आणि गुणिले १२ वर्षं. त्यातला ३० चा घोळ लगेच मिटला. मासिक पगारवाल्याला २६ ने भागायचं, हे सुप्रीम कोर्टाने १९८० सालीच दिग्विजय वुलन मिल्सच्या खटल्यात सांगितलं आणि १९८७ मध्ये ते ग्रॅच्युइटीच्या कायद्यातच घातलं. अकाउंटंटला कलम ४ खालचं स्पष्टीकरण दाखवलं, त्याने मुकाट कॅल्क्युलेटर ओढला. वर्षाला ११,२५० आले. तुमच्या हिशोबात ३० दिसला तर आधी तेवढं दुरुस्त करून घ्या. त्यावर कोणी वाद घालत नाही, फक्त तुम्ही विचारायची वाट बघतात.

पण १२? मी विचारलं तर उत्तर आलं, "काका, कंपनी तर २०१० ची आहे."

खरं होतं. आधी मोठ्या शेठची भागीदारी फर्म होती. एप्रिल २०१० मध्ये तिची प्रायव्हेट लिमिटेड झाली आणि गेटवरचा बोर्ड बदलला. शेड तीच, लेथ त्याच, माणसं तीच. माझं इनवर्ड रजिस्टर तर ३१ मार्चच्या नोंदीखाली रेघ मारून त्याच पानावर १ एप्रिलला पुढे चालू होतं. त्या दिवशी कोणी राजीनामा दिला नाही, कोणाचा हिशोब झाला नाही, कोणाला नवं नेमणूकपत्रही मिळालं नाही. तसं जुनं तरी कोणाकडे होतं म्हणा.

हेच खरं दुखणं आहे. मोठ्या शेठच्या काळात सगळं तोंडी चालायचं. उचल तोंडी, सुट्टी तोंडी, पगारवाढसुद्धा "पुढच्या महिन्यापासून तुझे दोनशे वाढवले" अशी पाठीवर हात ठेवून. त्यात गोडवा होता, नाही म्हणत नाही. मुलीच्या लग्नाला त्यांनी न मागता पैसे दिले होते. पण अशा ठिकाणी मालकाची पिढी बदलली की तोंडी गोष्टींचा वाली कोणी उरत नाही. नवा मालक म्हणतो, कागद दाखवा. आणि कागद असलाच तर तो त्याच्याच कपाटात असतो. लहान कारखान्यांतली निम्मी भांडणं मला वाटतं इथेच जन्माला येतात. पगार कमी म्हणून लोक वर्षानुवर्षं कुरकुरत राहतात, पण कोर्टाची पायरी चढत नाहीत. "तुम्ही इथे नव्हताच" असं तोंडावर ऐकल्यावर मात्र चढतात.

अर्जाचे टप्पे पटकन सांगतो, त्यात काही अडलं नाही. आधी मालकाकडे नमुना ‘आय’ मध्ये अर्ज. मी पोच घेऊन दिला. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. त्यावर मालकाने १५ दिवसांत नमुना ‘एल’ मध्ये रक्कम कळवायची किंवा ‘एम’ मध्ये कारण देऊन नाकारायचं असतं. मला दोन्ही आलं नाही. मग ९० दिवसांच्या आत नमुना ‘एन’ मध्ये नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज. आपल्याकडे ते काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश बघतात. उशीर झाला असेल तर सबळ कारण देऊन माफ होतो, पण ते वेगळं लचांड, तेव्हा मुदत पाळा. आणि एक, निवृत्तीची तारीख आधीपासून माहीत असते, त्यामुळे ‘आय’ अर्ज तिच्या ३० दिवस आधीही देता येतो. हे मला नंतर कळलं. खरं तर कामगाराने अर्ज केला नाही तरी हिशोब करून पैसे देणं ही मालकाचीच जबाबदारी आहे, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय.

हे सगळं १९७२ च्या जुन्या कायद्याखालचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, तेव्हा नवं प्रकरण असेल तर फॉर्म कोणते ते आधी विचारून घ्या. मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना आता पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे. आणि नेमणूकपत्र देणं नव्या संहितांनी सगळ्यांनाच बंधनकारक केलंय. वाचून हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

आता अडलं कुठे ते.

कंपनीच्या वकिलांनी आधी कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला मुदत मागितली. मग पुन्हा मागितली. मग न्यायाधीश रजेवर. मग त्यांचीच बदली. सकाळी बोर्ड बघायचा, पुकाऱ्याची वाट बघत बाकावर बसायचं, आणि दुपारी रोजनाम्यात "मुदत मंजूर" एवढी ओळ. शेवटी कैफियत आली त्यात वाक्य होतं : अर्जदार दि. १-४-२०१० रोजी प्रथमच नोकरीस लागला, पूर्वीच्या फर्मशी सामनेवाल्यांचा कोणताही संबंध नाही. खाली धाकट्या शेठची सही. हा मुलगा दहावीत असताना शेडमध्ये यायचा, मीच त्याला व्हर्नियर धरायला शिकवलं होतं.

आमच्या वकील मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, रागावून उपयोग नाही. दोन गोष्टी सिद्ध करायच्यात. एक, तुम्ही २००३ पासून तिथे होता. दोन, मध्ये खंड पडला नाही. साक्षीदार कामावर आहेत, ते बोलणार नाहीत. मालकानेही लिहिलेला नाही आणि तुम्हीही लिहिलेला नाही असा कागद आणा."

हे वाक्य मी आता प्रत्येकाला सांगतो. स्टोअरमधलं माझं रजिस्टर मला डोळ्यांसमोर दिसत होतं, पण ते कंपनीच्या ताब्यात. कोर्टात ते हजर करायला सांगितलं तर "जुनं रेकॉर्ड उपलब्ध नाही" अशी पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली. बँक पासबुक कामाचं नव्हतं, कारण तेव्हा पगार पाकिटात मिळायचा.

मग पीएफ. घरी जुन्या फॉर्म २३ च्या पावत्या निघाल्या, वर्षाला एक मिळायची ती. त्यावर माझं नाव, जुन्या फर्मचं नाव, जुना खाते क्रमांक. मला वाटलं, जिंकलो. तिकडून लगेच युक्तिवाद : त्या फर्ममध्ये असेलही, पण ती नोकरी सोडून मग आमच्याकडे आला. पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी बघितली तर तिथेही २०१० पासूनच. कारण यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा एकच क्रमांक, आला २०१४ मध्ये, त्याच्याशी जोडला गेला तो नव्या कंपनीचा क्रमांक. आधीचा जोडलाच नव्हता. पासबुकात मात्र जुन्या खात्यातून रक्कम आल्याची नोंद होती. म्हणजे पैसे चालत आले, वर्षं मागेच राहिली.

पीएफ कार्यालयात खिडकीवर सांगितलं, ते जुनं आहे, काही मिळणार नाही. पुन्हा गेलो, दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे म्हणाले, मालकाकडून पत्र आणा. ज्याच्याविरुद्ध केस आहे त्याच्याकडून पत्र! पोर्टलवर तक्रार टाकली, ती "निकाली" म्हणून बंद झाली. निकाल काय लागला ते मला अजून माहीत नाही. कामगार म्हणून जगताना साहेबाचा राग गिळायची सवय होते, पण खिडकीपलीकडच्या त्या थंड चेहऱ्यापुढे मला रडू यायचं बाकी होतं.

शेवटी मॅडमनी सुचवलं, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. तोंडी विचारलं तर झटकता येतं, लेखी अर्जाला ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली आणि मागितलं नेमकं : अमुक खात्यातून अमुक खात्यात रक्कम वर्ग झाली तेव्हाचं ‘अनेक्श्चर के’. हे नाव लिहून ठेवा. खातं वर्ग होताना पाठवतात तो कागद हा, त्यात आधीच्या नोकरीची लागल्याची आणि सोडल्याची तारीख असते. "माझी सगळी माहिती द्या" असं मोघम लिहाल तर मोघमच उत्तर येईल.

आणि आलं. लागल्याची तारीख १-७-२००३. सोडल्याची तारीख ३१-३-२०१०. नव्या खात्यात लागल्याची तारीख १-४-२०१०. मध्ये एका दिवसाचाही खंड नाही. मी तो कागद बसमध्ये परत परत वाचला.

दुसरा कागद मॅडमच्या डोक्यातून निघाला, त्याचं श्रेय त्यांचंच. कंपनी नोंदवताना घटनापत्र, म्हणजे कंपनी कशासाठी काढली ते सांगणारा कागद, द्यावं लागतं, आणि ते कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून कोणालाही बघता येतं. त्यात उद्दिष्टांमध्ये पहिलंच कलम : अमुक भागीदारी फर्मचा चालू धंदा जसाच्या तसा ताब्यात घेणे. खाली मोठ्या शेठची आणि धाकट्या शेठची सही. "कोणताही संबंध नाही" म्हणणाऱ्याने स्वतःच लिहून दिलेलं. धंदा हस्तांतरित झाला आणि कामगाराची सेवा अखंड चालू राहिली, तर आधीची वर्षं नव्या मालकाच्या माथी येतात, हा मुद्दा मॅडमनी औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम २५-एफएफचा आधार घेऊन मांडला.

उलटतपासणीत मॅडमनी कंपनीच्या मॅनेजरला फक्त घटनापत्रातलं ते पहिलं कलम वाचायला सांगितलं. त्याने वाचलं. मॅडमनी पुढचा प्रश्नच विचारला नाही.

त्याच दिवशी व्हरांड्यात मॅनेजर जवळ आला. "काका, कशाला तारखा करता ह्या वयात? सगळे मिळून दीड लाख घ्या, मोकळे व्हा." मी म्हटलं, "मोकळाच आहे, निवृत्त झालोय." हे उत्तर आधीपासून ठरवलेलं नव्हतं, पण अजून आठवलं की बरं वाटतं.

तडजोड वाईट असं माझं म्हणणं नाही. पैशाची निकड असेल तर घ्या. पण तडजोड करण्याआधी व्याजाचं गणित मांडा. उशिरा दिलेल्या ग्रॅच्युइटीवर १० टक्के सरळव्याज लागतं. आणि मालकाला जेवढी रक्कम मान्य आहे तेवढी त्याने आधीच प्राधिकाऱ्याकडे जमा करायची असते. आम्ही तसा अर्ज दिल्यावर १२ वर्षांचे १,३५,००० जमा झाले आणि मला ते मिळालेही. त्यामुळे हातात काही तरी होतं आणि उरलेल्या ७८,७५० साठी लढायला दम राहिला. हे आधी सांगायला हवं होतं, कारण बहुतेक लोक इथेच थकून सही करतात.

आदेश माझ्या बाजूने झाला. १९ वर्षं, २,१३,७५०, त्यातले मिळालेले वजा करून बाकी आणि देय तारखेपासून व्याज. अपिलाला ६० दिवस असतात, पण त्यासाठी मालकाला आदेशाची रक्कम आधी भरावी लागते, म्हणून असेल किंवा घटनापत्राची लाज वाटली म्हणून असेल, अपील झालं नाही. पैसे आले नसते तर नमुना ‘टी’ मध्ये वसुलीचा अर्ज करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. आमच्यावर ती वेळ आली नाही.

अजून आठवलं ते : ई.एस.आय.चं, म्हणजे कामगार विम्याचं, जुनं कार्ड टाकू नका, मालक बदलला तरी विमा क्रमांक तोच राहतो, तोही पुरावा आहे. आदेशाची प्रमाणित नक्कल लगेच मागा. आणि विवरणपत्र भरताना ग्रॅच्युइटी मर्यादेपर्यंत करमुक्त असली तरी व्याज उत्पन्नात दाखवावं लागतं, ते वेगळं लिहून घ्या. कंपनीने मला दोन्हीचा मिळून एकच आकडा पाठवला होता, तो फोडून मागितलाय. अजून आलेला नाही.