रात्रीची भटकंती आणि रस ऑमलेट

पणजीत रात्री भटकायचं तर आधी बेतीची फेरीबोट. मांडवी ओलांडायला काही मिनिटंच, पण कठड्यापाशी उभं राहावं. खारा वारा थेट तोंडावर येतो.

मग गाड्यावर रस ऑमलेट. दोन अंडी, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. तवा नीट तापल्याशिवाय अंडं ओतलं तर चिकटतं, फाटतं. वरून शागोतीचा, म्हणजे गोव्याकडच्या मसालेदार कोंबडी-मटणाचा, रस. भाजलेलं खोबरं आणि खसखस तळाशी बसते, म्हणून ‘खालून ढवळून घाल रे’ असं सांगायचंच. वरवरचा रस नुसता तेलकट लागतो. कच्चा कांदा वेगळा मागावा, लिंबू शेवटी पिळावं. पाव अख्खा बुडवला की त्याचा लगदा होतो. माझ्या मते पोईच बरी: गोव्याची पावासारखीच, पण कोंड्याची, आतून पोकळ, रस धरून ठेवते.