मुंबई–न्यूअर्क बिझनेस क्लास: झोप चांगली लागली, जेवणाचं मात्र काही खरं नाही

वयस्कर आईवडिलांना अमेरिकेला न्यायचं म्हणून पैसे साठवून बिझनेस क्लासचं तिकीट काढणारी कितीतरी घरं आपल्याकडे आहेत. आमचं त्यातलंच एक. आईचे दोन्ही गुडघे कुरकुरतात, भाऊ न्यू जर्सीत एडिसनला. मुंबईहून युरोपात एक थांबा, तिथून न्यूअर्क, येतानाही तोच मार्ग आणि सगळे टप्पे एकाच कंपनीचे. आसनाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आई पाय लांब करून झोपली आणि उतरली तेव्हा पायांना सूज नव्हती. पण त्याच तिकिटात मिळणारं जेवण कुठल्या पातळीला आलंय ते बघून मला मनापासून वाईट वाटलं. मागून जाणाऱ्यांना हे आधी कळावं म्हणून सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही, कारण दुसऱ्या कंपन्यांनी गेलेल्या नातेवाइकांकडूनही थोड्याफार फरकाने हेच ऐकलं.

मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, आमचंही तसंच होतं. विमान वर गेलं, दिवे लागले आणि जेवण आलं तेव्हा घड्याळात पहाटेचे साडेतीन वाजत होते. चव चांगली होती. पनीरची भाजी गरम, दाट रस्सा, काळी डाळ मुरलेली, भात मोकळा. मुंबईत भरलेलं जेवण भारतीय आचाऱ्यांच्या हातचं असतं आणि ते लगेच कळतं. फक्त सॅलड, मुख्य जेवण, गोड, चीज असं सगळं एकाच ट्रेमध्ये एकदम समोर आलं. काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी याच वर्गातून गेले होते, तेव्हा टेबलावर कापड अंथरून आधी स्टार्टर, तो संपल्यावर गरम ताटली आणि शेवटी गोडाची ट्रॉली येत असे. पहाटे साडेतीनला तेवढा सोहळा कुणाला हवाय, असं वाटून मी ते मनावर घेतलं नाही.

खरा धक्का युरोप–न्यूअर्क टप्प्यावर बसला. हा दिवसाचा, आठ तासांहून मोठा प्रवास. आईसाठी भारतीय शाकाहारी जेवण आधीच नोंदवलं होतं. एव्हीएमएल असा त्याचा कोड असतो. बाकीच्यांना मेनूकार्ड मिळालं, आईला नाही. सगळ्यांच्या आधी तिच्यासमोर एक ट्रे आला. चांदीच्या कागदाचं झाकण लावलेला डबा, इकॉनॉमीत मिळतो तसाच, फक्त चिनी मातीच्या बशीत ठेवलेला. आत कडेने वाळलेला भात, पाणीदार छोले आणि कसलीच फोडणी न लागलेली फरसबी. सोबत थंडगार ब्रेड आणि कापलेल्या फळांची वाटी. दही नाही, लोणचं नाही. गोड म्हणूनही तीच फळं. आईने आशेने विचारलं, "दही मिळेल का गं थोडं?" क्रूमधली मुलगी फार चांगली होती. ती आत जाऊन शोधून आली आणि म्हणाली, विशेष जेवणाचे ट्रे मोजून भरलेले असतात, त्यापलीकडे काही नाही. शेवटी तिने दुसऱ्या कुणाच्या तरी नाश्त्यासाठी ठेवलेलं गोड योगर्ट आणून दिलं. मधुमेह असलेल्या बाईला गोड योगर्ट! आईने अर्धा भात खाल्ला आणि "राहू दे, भूक नाहीये" म्हणाली. तिला भूक होती, मला माहीत होतं.

उतरण्याआधीचं दुसरं खाणं तर त्याहून खालचं होतं. पुठ्ठ्याच्या वेष्टनातला थंड रॅप, आत हमस आणि काकडी. इकॉनॉमीच्या तीन-चार पट तिकीट घेऊन आठ तासांच्या प्रवासात दुसरं गरम खाणं नाही! हे मला कुठल्याही हिशेबात बसवता येत नाही. वयस्कर माणसाच्या गोळ्या, साखर, झोप हे सगळं जेवणाच्या वेळेवर टिकून असतं. त्यांच्यासाठी विमानातलं जेवण ही चैन नसते.

हे असं का झालं असावं, याचा मी बराच विचार केला. चवीचा एक भाग हवेचा आहे, तो मान्य. केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे आपण त्याहून उंच बसून जेवत असतो. हवाही अतिशय कोरडी, आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या खाली. नाक कोरडं पडलं की वास कमी येतो आणि वास गेला की अर्धी चव गेली. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने जमिनीवर विमानाच्या केबिनसारखी परिस्थिती तयार करून चवीचे प्रयोग केले, त्यात मीठ आणि साखर दोन्ही फिकी लागतात असं दिसलं. टोमॅटोसारखी चव मात्र टिकते. शिवाय जेवण विमानात शिजत नाही. ते विमानतळाजवळच्या स्वयंपाकघरात शिजवून झटपट थंड करतात, थंडच ठेवतात आणि वर गेल्यावर ओव्हनमध्ये गरम करतात. म्हणून रश्शाचे पदार्थ तग धरतात आणि भाजलेलं चिकन, मासा, ऑम्लेट, पोळी यांची दशा होते.

पण दाब आणि ओव्हन पूर्वीही होतेच. बदललंय ते पैसा कुठे जातो हे. विमानभाडी ठरवून दिलेली असायची तेव्हा कंपन्यांना भाडं कमी करून गिऱ्हाईक ओढता येत नसे, म्हणून चढाओढ ताटात चालायची. १९५८ मध्ये तर अटलांटिकपार इकॉनॉमीच्या प्रवाशाला सँडविच म्हणून नेमकं काय द्यायचं, यावरून कंपन्यांत भांडण जुंपलं होतं. अमेरिकेत १९७८ मध्ये भाडी मोकळी झाली आणि बिझनेस क्लासही त्याच सुमाराचा. २००० मध्ये ब्रिटिश एअरवेजने या वर्गात पूर्ण सपाट होणारं आसन आणलं, मग सगळ्यांनाच आणावं लागलं. आता दरवाजा लागणारी केबिन हवी, मोठा पडदा हवा. ट्रॉलीवरून वाढायला हात आणि वेळ लागतो, एका ट्रेला कमी. माझ्या मते झोपेच्या नावाखाली जेवण कापणं कंपन्यांना सोयीचं झालंय. २०२४ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश एअरवेजने (आम्ही गेलो ती कंपनी ही नव्हे) सकाळी साडेआठ ते साडेअकराच्या दरम्यान सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या विमानांत वरच्या वर्गांचं दुपारचं जेवण काढून ब्रंच द्यायला सुरुवात केली. प्रवाशांनी इतका गिल्ला केला की काही महिन्यांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. बोललं तर फरक पडतो, हे त्यातून मी घेतलं.

परतीच्या प्रवासात एक सुखद गोष्ट घडली. न्यूअर्कहून भरलेलं तेच एव्हीएमएल कितीतरी बरं निघालं. राजमा नीट शिजलेला, जिऱ्याचा भात आणि चक्क लिंबाचं लोणचं. त्या भागात आपली वस्ती मोठी आहे, स्वयंपाकघराला सराव असणार. कंपनी तीच, वर्ग तोच, कोडही तोच, फक्त शहर वेगळं. पुढे युरोप–मुंबई टप्प्यावर नेहमीच्या मेनूतच भारतीय शाकाहारी पर्याय होता, म्हणून तिथे आम्ही विशेष जेवण मागवलं नव्हतं. पण आमची जागा केबिनच्या शेवटच्या रांगेत. समोरून वाढत येईपर्यंत शाकाहारी संपलं आणि आईपुढे चीज पास्ता आला. भारतात जाणाऱ्या विमानात शाकाहारी संपतं कसं, हा प्रश्न कंपनीने स्वतःला विचारायला हवा.

तेव्हा जाणाऱ्यांनी तिकीट काढल्यावर सगळ्या प्रवासाचा एकदम विचार न करता टप्प्याटप्प्याने करावा. मुंबईहून निघताना नेहमीच्या मेनूतलं शाकाहारी घेतलं तरी चालतं, बहुधा तेच जास्त चांगलं असतं. कंपनी वेबसाइटवर आधीच पदार्थ निवडू देत असेल तर नक्की निवडा, विशेषतः जागा मागच्या रांगेत असेल तर. युरोप–अमेरिका टप्प्यावर शाकाहारी माणसाने विशेष जेवण नोंदवलेलं बरं, पण कोड नीट बघून. एव्हीएमएल म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी. व्हीजीएमएलमध्ये दूध-दही-तूप काहीच नसतं. व्हीएलएमएलमध्ये अंडं असू शकतं. व्हीजेएमएल जैन. डीबीएमएल मधुमेहींसाठी असतं, पण ते शाकाहारी असेलच असं नाही, त्यात बऱ्याचदा चिकन किंवा मासा येतो. एका प्रवाशाला सहसा एकच कोड मिळतो, त्यामुळे शाकाहारी मधुमेही माणसाने एव्हीएमएल घ्यावं आणि गोड बाजूला ठेवावं.

नोंदणी बहुतेक ठिकाणी सुटण्याच्या २४ तास आधीपर्यंत चालते, काही जेवणांना ४८ तासही लागतात. मी म्हणेन तिकीट काढतानाच करा आणि दोन दिवस आधी पुन्हा तपासा. वेळ बदलली, विमान बदललं किंवा एखादा टप्पा भागीदार कंपनी चालवत असेल तर नोंद मध्येच गळून पडते. भागीदार कंपनी असेल तर थेट तिच्याकडेच विचारा. विमानात बसल्या बसल्या क्रूला नम्रपणे सांगावं की आमचं अमुक जेवण नोंदवलेलं आहे आणि सोबत वयस्कर माणूस आहे, गोळ्यांच्या वेळा आहेत. लवकर किंवा उशिरा वाढायची विनंती आमच्या बाबतीत तरी प्रत्येक वेळी मानली गेली. नाश्त्यासाठी उठवायचं की नाही हेही आधीच सांगून टाका.

मध्यरात्रीच्या विमानाला मुंबईच्या लाउंजमध्येच नीट जेवून घ्या. आम्हाला तिथे गरम वरण-भात आणि दही मिळालं, आईचं रात्रीचं जेवण खऱ्या अर्थाने तेच झालं. गोळ्या आणि जेवणाच्या वेळा कशा सरकवायच्या हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवा.

आणि घरचं खाणं सोबत असू द्या. बिझनेस क्लासमध्ये डबा उघडायला संकोच वाटतो, पण तो बाजूला ठेवावा. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, मेथीचे ठेपले, कोरडा चिवडा, भाजलेले शेंगदाणे. आईने दशमी खाल्ली तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावर तरतरी आली. लोणचं आणि तूप सुरक्षा तपासणीत द्रव धरतात, त्यामुळे १०० मिलिलीटरच्या वर हातातल्या बॅगेत नको. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलीटरहून जास्त पूड असेल तर वेगळी तपासणी होते. चटण्या, मेतकूट, सातूचं पीठ सामानाच्या बॅगेत टाका. अमेरिकेत उतरताना ताजी फळं आणि मांस जवळ नको, आणि जे काही खाण्याचं उरलं असेल ते न लपवता सांगावं. दुबई-अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांनी खसखस अजिबात नेऊ नये, तिथे ती बेकायदा आहे. अनारसे, खसखस घातलेल्या करंज्या घरीच ठेवा.

जेवण खराब निघालं तर ट्रेचा आणि मेनूकार्डचा फोटो काढा, फ्लाइट क्रमांक आणि आसन क्रमांक टिपून घ्या आणि घरी पोचल्यावर लगेच लिहा. युरोपच्या नियमात विमान फारच उशिरा पोचलं किंवा तुम्हाला खालच्या वर्गात बसवलं तर हक्काची भरपाई आहे, जेवणाच्या दर्जाबद्दल मात्र काही नाही. त्यामुळे जे मिळेल ते कंपनीच्या मर्जीवर. आम्हाला दिलगिरीचं छापील पत्र आणि थोडे माइल्स (पुढच्या तिकिटासाठी वापरता येणारे गुण) आले. छोल्यांबद्दल, दह्याबद्दल, संपलेल्या शाकाहारी जेवणाबद्दल त्यात एक ओळही नव्हती. मी परत लिहिलंय, या वेळी एकेका टप्प्याचा आणि पदार्थाचा वेगळा उल्लेख करून. तुम्हीही तसंच लिहा.