तिने फाईल उघडली नाही

सराव मुलाखतीच्या खोलीत शिक्षकाने बोलायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. माजी विद्यार्थी प्रश्न विचारतात, शेवटच्या वर्षाची मुलं उत्तरं देतात आणि आमच्यापैकी एकजण भिंतीशी बसून टिपणं काढतो. नियम योग्य आहे. शिक्षक मध्ये बोलू लागला की मुलं त्याच्याकडे बघूनच उत्तरं देतात. या वर्षीच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मात्र तो पाळणं मला जड गेलं, आणि त्या एका मुलाखतीतून मी अजून बाहेर आलेले नाही.

आमचा विभाग समाजकार्याचा, बडोद्यातला. समाजकार्य शिकायचं म्हणजे झाडं लावायची, रक्तदान शिबिरं घ्यायची, चौकात पथनाट्यं करायची, असं लोकांना वाटतं. तेही होतं. विद्यार्थी मंडळ वर्षभर धावपळ करत असतं आणि मेळाव्याच्या सकाळी त्याचं प्रदर्शन मांडतं. पण मुलं घडतात ती आठवड्यातल्या दोन फील्डवर्कच्या दिवसांत. कुणी इस्पितळात, कुणी वस्तीत, कुणी निरीक्षणगृहात, कुणी कारखान्यात जातं आणि रात्री घरी बसून रेकॉर्डिंग लिहितं. कुणाला भेटलो, कशासाठी भेटलो, ती व्यक्ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, तेव्हा माझ्या मनात काय आलं, पुढच्या खेपेला काय करणार. संवाद जमेल तितका शब्दशः. समोरची बाई गुजरातीत बोलली असेल तर गुजरातीतच.

पहिल्या सत्रात बहुतेकजण ‘मी त्यांना समजावले’ एवढं लिहून मोकळे होतात. मी समासात विचारते: कुठल्या शब्दांत समजावलंस? त्या गप्प झाल्या तेव्हा तू काय केलंस? पाणी आणायला म्हणून त्या उठल्या, त्या तुझ्या कुठल्या प्रश्नावर? दर आठवड्याला आय.सी. असते, म्हणजे एकेका विद्यार्थ्याबरोबर बसून त्या पानांवर बोलणं. दुसऱ्या वर्षापर्यंत काहीजणांच्या लिखाणात समोरचा माणूस जिवंत दिसायला लागतो. हे काम मी जीव ओतून करते. या अभ्यासक्रमातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि गुणपत्रिकेत तिला जेमतेम एक ओळ मिळते.

मेळाव्याच्या सकाळी प्रदर्शनात सगळ्यात मोठी गर्दी पुराच्या फलकांपुढे होती. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री शहरात शिरली, तेव्हा आमची मुलं नदीकाठच्या वस्त्यांत घरोघरच्या नुकसानीचे फॉर्म भरत फिरली होती. चिखल सुकायच्या आत त्यांनी याद्या केल्या, रेशनकार्डं भिजलेल्यांचे अर्ज लिहून दिले. त्या कामाचा मला अभिमान आहे. फलकांवर मात्र याद्या आणि अर्ज नव्हते, किट हातात घेतलेल्या बायकांचे फोटो होते. चेहरे स्पष्ट, एकीच्या कडेवर उघडं मूल. पाहुणे त्यांच्यापुढे उभे राहून आपले फोटो काढून घेत होते. एका गटाने मात्र फक्त हातांचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या खुणांचे फोटो लावले होते. मी ज्या विद्यार्थिनीबद्दल लिहिते आहे, ती त्या गटातली. शहरातल्या वाडी भागात राहणारी, घरात मराठी, दारात गुजराती, अशी आपल्या बडोदेकर मराठी घरांतली मुलगी.

मग परिसंवाद झाला. निवृत्त कामगार कल्याण अधिकारी असलेले एक ज्येष्ठ पहिल्यांदा बोलले. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ने ५०० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. १९६५मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, मग खतं आली, पेट्रोकेमिकल आलं, आणि समाजकार्य शिकलेल्यांना या शहरात पगाराची जागा मिळाली. ‘‘आमची नोकरी कुणाच्या दयेवर नव्हती, कलमावर होती. कायदा पाठ करा,’’ ते म्हणाले. आजवर ऐकलेल्या सल्ल्यांत हा मला सगळ्यात भक्कम वाटतो. बाकीचे बहुतेक पाहुणे आपल्याला जे नशिबाने मिळालं, तोच मार्ग म्हणून सांगतात. बालसंरक्षणात कंत्राटावर काम करणारा एक तरुण तेवढा पगाराचा आकडा स्पष्ट बोलला. सभागृह शांत झालं, पण मुलांनी वहीत टिपून घेतलं ते तेच.

जेवणानंतर मुलाखती. माझ्या खोलीत आमचाच एक माजी विद्यार्थी होता, आता एका कंपनीच्या सी.एस.आर., म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या विभागाचा प्रमुख. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५मुळे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातून आमच्या मुलांसाठी नवी दारं उघडली आणि त्या दारात आज हा उभा होता. प्रशिक्षणार्थीची एक जागा आहे, आजच्या मुलांतूनच निवडणार, असं त्याने सकाळी जाहीर केलं होतं. त्यामुळे त्या खोलीत सराव असा काही उरला नव्हता.

ती आत आली. आडनाव वाचून तो गुजरातीवरून मराठीवर आला, घर कुठे विचारलं, आपण रावपुऱ्याचा हेही सांगितलं. सूर जिव्हाळ्याचा होता.

‘‘फील्डवर्कची फाईल आणलीस ना? तुझी सगळ्यात चांगली केस काढ बघू.’’

‘‘केस तोंडी सांगते सर. फाईल नाही देता येणार.’’

‘‘का? नावं बदललेली असतात की.’’

‘‘नाव बदललंय सर. पण राहायची पोळ, आजार, नवऱ्याचं दुकान, मुलं किती, हे सगळं आहे त्यात. तुम्ही रावपुऱ्याचे. दोन पानांत ओळखाल.’’

तो हसला. ‘‘अगं, मीसुद्धा याच वर्गात शिकलोय. माझ्यावर विश्वास नाही?’’

‘‘तसं नाही सर. मी त्या बेनना सांगितलं होतं की हे माझ्या मॅडमशिवाय कुणी वाचणार नाही.’’

मॅडम म्हणजे मी. मी भिंतीशी होते आणि त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली टिपणवहीत बघितलं.

‘‘मग तुला काय येतं, हे मी ओळखायचं कसं?’’

हा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. नोकरी देणाऱ्याला काम बघायचा हक्क आहे. चित्रकार चित्रं नेतो, वास्तुविशारद आराखडे नेतो. आमच्या मुलांचं उत्तम काम दुसऱ्याच्या आयुष्यात झालेलं असतं आणि ते आयुष्य त्यांच्या मालकीचं नसतं. ती म्हणाली, ‘‘विचारा सर, मी काय केलं ते सांगते.’’ त्याने विचारलं, लाभार्थी किती? ती म्हणाली, एक. किती काळ? जुलैपासून. निष्पत्ती काय? ती थांबली. मग म्हणाली, ‘‘त्या आता उपचारांना एकट्या येतात. आधी येत नव्हत्या.’’

तिच्या या वाक्यामागे काय आहे ते मला माहीत आहे, कारण ती पानं मी वाचली आहेत. एका खेपेला तिने एकही प्रश्न न विचारता बाकावर शेजारी बसून राहण्याचं ठरवलं, आणि का ठरवलं हे दीड पान लिहिलं होतं. इतक्या वर्षांत मी फार थोड्या विद्यार्थ्यांना असा निर्णय घेताना पाहिलंय. याहून जास्त मीही इथे लिहिणार नाही.

साहेबांनी ‘सहकार्यवृत्ती’च्या रकान्यात तिला दोन गुण दिले, पाचांपैकी.

तिच्यानंतरच्या मुलाने फाईल उघडून पुढे सरकवली. साहेबांनी ती मन लावून वाचली, वाचताना दोनदा मान डोलावली. वस्तीचं नाव, गल्ली, इस्पितळाच्या केसपेपरचा नंबर, सगळं त्यात होतं. मुलगा कष्टाळू आहे. एका कुटुंबाचं अडलेलं रेशन त्याने मामलतदार कचेरीत खेटे घालून सुरू करून दिलं होतं, आणि फाईल बघितल्यामुळेच साहेबांना ते कळलं. जागा त्याला मिळाली. निवड चुकीची झाली असं मी म्हणत नाही. मला खुपतं ते हे की, आम्ही दोन वर्षं जे शिकवलं ते तिने पाळलं आणि नेमके त्याचेच गुण कापले गेले.

स्टाफरूममध्ये चहा आणि लीलो चेवडो चालू होता. एक सहकारी म्हणाल्या, ‘‘सराव मुलाखत होती, दाखवली असती तर काय बिघडलं असतं? हल्ली मुलं ताठच फार.’’ या बाई व्यावसायिक नीतिमत्तेचा पेपर शिकवतात. मला राग आला, अजूनही आहे. गोपनीयता ही परीक्षेत चार मुद्द्यांत लिहायची गोष्ट आहे, असं शिक्षकच वागले तर मुलांनी काय शिकावं?

तेवढ्यात इस्पितळात वैद्यकीय समाजकार्यकर्ती असलेली आमची एक जुनी विद्यार्थिनी बोलली. मूत्रपिंड प्रत्यारोपणात जिवंत दाता बहुतेकदा घरचाच असतो. १९९४च्या कायद्याने आईवडील, मुलं, भावंडं, नवराबायको हे जवळचे नातेवाईक ठरवले. २०११च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडं त्यांत आली. दात्याची संमती मनापासूनची असायला हवी. सगळ्यांसमोर ‘देते’ म्हणणारी बायको दार लोटल्यावर म्हणते, मला भीती वाटते, मला द्यायचं नाही. अशा वेळी घरच्यांना एवढंच सांगितलं जातं की ही दाता म्हणून योग्य ठरत नाही. कारण सांगायचं नाही, कितीही विचारलं तरी, कारण त्या बाईला परत त्याच घरात जायचं असतं. ‘‘माझ्याकडे मुलाखतीला आलेल्याला मी फाईल मागते,’’ ती म्हणाली, ‘‘आणि देतो का ते बघते.’’

मी थक्क झाले. तीच मागणी, तेच उत्तर, आणि एका खोलीत ती नापास तर दुसऱ्या खोलीत पास. मुलांना आम्ही कुठल्या खोलीसाठी तयार करायचं?

कायद्याचा आधारही तुटक आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्याची माहिती २०१७चा कायदा जपतो, मनोरुग्णाची त्याच वर्षीचा मानसिक आरोग्य कायदा, बालकाची ओळख २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४. अशिलाने वकिलाला सांगितलेलंही सुरक्षित असतं. पण एखाद्या बाईने डोक्यावरच्या कर्जाबद्दल किंवा नवऱ्याच्या दारूबद्दल आमच्या विद्यार्थिनीला विश्वासाने सांगितलेलं जपणारं असं नेमकं कलम मला वर्गात दाखवता येत नाही. तिथे फक्त त्या मुलीचा शब्द असतो.

मेळाव्यानंतर साहेबांचा मला फोन आला. ‘‘मॅडम, तुमचा असा नियम असेल तर लेखी द्या, मी पाळीन. मला तो मुलीचा हट्ट वाटला.’’ हे त्याचं म्हणणं मला पटलं आणि मी विभागाच्या बैठकीत दोन ठराव मांडले. एक, रेकॉर्डिंगची फाईल मुलाखतीच्या खोलीत जाणार नाही. दोन, प्रत्येकाने कामाचा एक वेगळा आढावा तयार करायचा: कुठल्या प्रकारची एजन्सी, अडचण कुठल्या स्वरूपाची, मी कुठले पर्याय तपासले, कुठला निवडला आणि का, काय जमलं नाही. माणूस ओळखू येईल असं त्यात काही नको.

पहिला ठराव मंजूर झाला. दुसऱ्यावर ‘मुलांवर आणखी लेखनाचा भार’ आणि ‘प्लेसमेंटचे आकडे’ या दोन गोष्टींवरून बराच वेळ गेला आणि तो पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. या आढाव्याबद्दल माझंही समाधान नाही, हे मी तिथे बोलले. मी स्वतः तिच्या केसचा तसा नमुना लिहून पाहिला. ‘रुग्णाच्या गतीने जाण्याचा निर्णय घेतला’ हे वाक्य खरं आहे, पण ते कुणीही लिहू शकेल. बाक नाही, दुपार नाही, ती बाई काय म्हणाली ते नाही. कौशल्य दिसतं ते त्या तपशिलातच, आणि तो तर लपवायचाच आहे. यावर कुणाकडे चांगला तोडगा असेल तर मला तो हवा आहे.

मध्यंतरी तिने एका निवारागृहातल्या कंत्राटी जागेसाठी अर्ज केला आणि माझ्याकडे शिफारसपत्र मागितलं. मी त्यात मुलाखतीचा प्रसंग लिहिला, कंपनीचा उल्लेख टाळून. मसुदा तिला दाखवला. तिने दोनदा वाचला, पेन मागितलं आणि वॉर्डाचं नाव खोडलं. ‘‘मॅडम, तिथे त्या बेनच्या नात्यातल्या कुणाला ओळखणारं असलं तर?’’ मी म्हटलं, निवारागृह दुसऱ्या जिल्ह्यात आहे. ती म्हणाली, ‘‘तरी.’’ मी ते पान फाडून पुन्हा लिहिलं आणि पत्र पाठवलं. मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे.

पुराचे ते फोटो विभागाच्या जिन्यात कायमचे लावायचे, असं मंडळाने ठरवलं होतं. चेहरे दिसणारे सगळे मी काढायला लावले आणि मुलांना सांगितलं की वस्तीत जाऊन एकेकीला फोटो दाखवा, हा भिंतीवर लावू का विचारा. मुलं नाराज झाली. दोघी जाऊन आल्या. एका बाईने लावा म्हटलं. दुसरीने तो फोटो मागून घेतला आणि परत दिला नाही. बाकीच्यांकडे अजून कुणी गेलेलं नाही.